म्हणे मास्तरच्या कोंबड्या!

सौंसरच्या बाजारात आजही एखादी बाई माझ्या टोपल्यावर वाकते आणि विचारते, "मास्तरच्या कोंबड्या हायेत का जी?" आणि माझं डोकं तापतं. बोडक्या मानेची, मातकट रंगाची, अंगानं आटोपशीर अशी ही कोंबडी. एकदा अंड्यांवर बसली की हाकलली तरी उठत नाही, आणि घारीच्या अंगावर धावून जाते. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत सगळे तिला 'मास्तरची कोंबडी' म्हणतात. मास्तर जाऊन किती तरी वर्षं झाली. ज्यांनी त्यांचं तोंडही पाहिलं नाही, तेसुद्धा म्हणतात. आणि मास्तरच्या घरी गेलेली एकूण एक बोडकी ज्याच्या टोपल्यातून गेली, तो मी तिथंच समोर बसलेला असतो.

मी काही शिकलेला माणूस नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि डोक्यावर टोपलं आलं. पहिल्या दिवशी त्यात सहा कोंबड्या होत्या, त्याही उधारीच्या. पुढं माझ्या कोंबड्या आणि अंडी आगगाडीनं नागपूरला जायला लागली, तिथल्या खानावळीवाल्यांना माझं नाव माहीत झालं, आणि सौंसरला स्टेशनच्या रस्त्यावर मी स्वतःचं घर बांधलं. हे सगळं मी जिभेवर मिळवलं. बाजारात माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस दाखवा, असं मी छातीवर हात मारून म्हणत असे. म्हणूनच त्या माणसाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

मास्तर आमच्या मराठी शाळेत होते. उंच, वाळके, कान मोठे. अंगात बारा महिने एकच काळा कोट. त्यांच्या घरी कांदासुद्धा शिजत नसे, अंडं तर लांबच. त्यांनी स्वतः उभ्या जन्मात अंडं चाखलं नाही. आणि असा माणूस घरामागच्या पडक्या गोठ्यात पन्नास-पन्नास कोंबड्या पाळायचा! गावानं आधी नावं ठेवली, मग हसून सोडून दिलं. त्यांच्या बायकोनं मात्र सोडलं नाही. खुराड्यातून आले की त्यांना मागच्या दारी उभं राहावं लागे. ती माउली लांबूनच अंगावर बादली रिकामी करी, आणि धुतलेलं धोतर काठीच्या टोकाला अडकवून पुढं करी. थंडीच्या दिवसांतसुद्धा. मास्तर कुडकुडत म्हणायचे, "हिच्या पाण्यानं मला न्युमोनिया होईल, पण कोंबड्यांना माझ्यापासून रोग होणार नाही, एवढं खरं."

कोंबड्यांबद्दल बोलताना त्यांची सगळी भाषा शाळेची. अंडी घालणारी कोंबडी 'पास', न घालणारी 'नापास'. घालता घालता थांबलेली 'आजारपणाच्या रजेवर'. जी कोंबडी अंडी घालणं सोडून अंगात ताप आल्यासारखी ठाण मांडून बसते, कोणी जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते, तिला आपण खुडूक म्हणतो. मास्तर तिला 'हेडबाई' म्हणत. "अंडी कोणीही घालील हो," ते म्हणायचे, "पण शाळा हेडबाई चालवते."

एकदा थंडीत त्यांची एक हेडबाई अंड्यांवर बसल्या बसल्या मुंगसानं नेली. पिल्लं बाहेर पडायला दोन दिवस उरलेले. त्या वेळी दुसरी खुडूक कोंबडी नव्हती. मास्तरांनी काय करावं? पितळेच्या डब्यात कापूस भरला, त्यात ती अंडी ठेवली, आणि डबा कोटाच्या आत पोटाला बांधून शाळेत गेले. नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आलेले. वर्ग चिडीचूप. साहेब फळ्यापाशी. आणि मास्तरांच्या पोटातून आवाज आला, "चिव." साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. परत, "चिव, चिव." साहेब म्हणाले, "हे काय आहे?" मास्तर म्हणाले, "नवीन भरती आहे साहेब. अजून नाव घातलं नाही." सगळी शाळा हसली, साहेबही हसले. मी तसं काही केलं असतं तर मला बाहेर काढलं असतं. काही माणसांचं काय असतं कोण जाणे, त्यांनी वेडेपणा केला तरी लोकांना तो गोड लागतो.

आता बाजाराचं सांगतो.

देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मास्तर दर बाजारी माझ्या टोपल्याशी यायचे. उकिडवे बसायचे, कोटाच्या बाह्या वर करायचे आणि एकेक कोंबडी उलटी धरून तिच्या शेपटाखालच्या दोन हाडांमध्ये बोटं घालून पाहायचे. तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे, एकच मावलं तर नाही. मग पायांचा रंग पाहायचे, कारण अंडी घालता घालता कोंबडीच्या पायांचा पिवळेपणा उतरत जातो. मग छाती चाचपायचे. हे सगळं मला येत नव्हतं असं नाही. पण मी ते नजरेनं करायचो, आणि ते डोळे मिटून करायचे. "कोंबडी बोटानं वाचायची असते," म्हणायचे. लोक भोवती गोळा होत. माझ्या टोपल्याभोवती, आणि पाहायचे कोणाकडं? त्यांच्याकडं.

एकदा माझ्या एका कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीवर त्यांचा अंगठा थांबला. बाजाराला निघण्याआधी कोंबडीला भिजवलेली ज्वारी पोटभर चारली की ती हाताला जड लागते. हे सगळेच करतात. मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "शेटजी, ही कोंबडी विकता की ज्वारी?"

माणसं खदखदली. मी म्हटलं, "मास्तर, घ्याची असंन तं घ्या, नाई तं सोडा. माल हाताळून मले गिऱ्हाईक खराब करू नोका."

"घेतो ना," म्हणाले. "पण ही नाही. ती घेतो."

ती म्हणजे कोणती? तर टोपल्याच्या तळाशी दडपलेली, बोडक्या मानेची, मातकट. मानेवर पीस नसलेली कोंबडी पाहिली की नागपूरचा खानावळीवाला 'रोगी आहे' म्हणून बाजूला काढायचा. त्यामुळं मी तसल्या कोंबड्या इथंच, मिळेल त्या भावात काढून टाकायचो. मास्तरांनी भाव विचारला. मी त्या दिवशी ज्वारीच्या रागानं, चांगल्या कोंबडीला सांगणार नाही असा भाव सांगितला. आता घासाघीस होईल, मी कमी करीन, ते वाढवतील, असं धरून मी पाय रोवून बसलो.

त्यांनी पैसे मोजले, माझ्या हातावर ठेवले, कोंबडी काखेत मारली आणि निघून गेले.

बाजारातल्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. भाव न करता पैसे देणारा माणूस तुमच्याकडं दुकानदार म्हणून पाहतच नाही. पुढच्या बाजारी मी आणखी चढवून सांगितला. तसाच दिला. पुढच्या बाजारी आणखी. तसाच. मी चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांना सांगायचो, "मास्तरले रोगी कोंबड्या मोराच्या भावानं इकून राहिलो मी." सगळे हसायचे. मीही हसायचो. असं दोन-तीन वर्षं चाललं.

त्या बोडक्या कोंबड्या मला कुठून मिळत, तेही सांगायला हवं. लोधीखेड्याच्या पलीकडच्या एका वाडीवर सगुणाबाई नावाची बाई होती. नवरा नाही, घरामागं थोडी संत्र्याची झाडं आणि अंगणात कोंबड्या. मी टोपलं घेऊन दारोदार फिरायचो तेव्हा तिच्याकडं या बोडक्या मिळायच्या. ती विकायला तयार नसायची, पण अडीअडचणीला विकायची, आणि विकताना दर वेळी तेच तेच सांगायची.

"भाऊ, हे लय चांगली बसते. हिले कापाले देऊ नोका."

"मान तं पाह्य हिची. रोगाची दिसते."

"मान बोडकी हाये, आंग तं नाई ना?"

"आंगही दोन घासाचं हाये. द्याची असंन तं सांग, नाई तं मी चाललो."

मग ती द्यायची. मी सांगितलेल्या भावात.

पुढं सरकारच्या पांढऱ्या कोंबड्या आल्या. व्हाइट लेगहॉर्न हे त्यांचं खरं नाव, पण आमच्याकडं कोणाच्या जिभेवर ते बसलं नाही. लोक नुसतं 'सरकारी' म्हणायचे. नागपूरकडच्या सरकारी केंद्रातून पिल्लं मिळायची. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते आणि मग दोन-तीन महिने तिचं काम बंद. सरकारी कोंबडी बसतच नाही. घालतच राहते. तिच्या बरोबर दुसरीही आली, तांबडी, अंगानं भरदार, अंड्यालाही बरी आणि मटणालाही बरी. मी लगेच हिशेब ओळखला. घरी पांढऱ्या कोंबड्यांचं मोठं खुराडं घातलं, आणि गावोगाव सांगत सुटलो, "गावरान काढा, सरकारी ठेवा." काढलेल्या गावरान कोंबड्या मीच घ्यायचो आणि नागपूरला कापायला पाठवायचो. दोन्ही हातांनी कमाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मध्ये गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते, त्या सुमारास तर माझी टोपली स्टेशनवर मावत नसत.

मास्तरांनीही पांढऱ्या आणल्या. पण माझ्यासारख्या नाही. पाच-सहाच. त्यांची अंडी ते बोडक्या कोंबड्यांखाली ठेवायचे. मी विचारलं, "मास्तर, बोडक्या कायले ठेवता आता? खाते नुसत्या."

म्हणाले, "पांढऱ्या बाई फार हुशार. पहिल्या नंबरच्या. पण शेटजी, त्यांच्या हाती घर देऊ नये."

माझ्या घरच्या पांढऱ्या कोंबड्या एकदा घालेनाशा झाल्या. एके दुपारी घरी आलो तर बायको नाही. शेजारीण म्हणाली, कोंबडी काखेत घेऊन मास्तरांकडं गेली. माझ्या घरातली कोंबडी, माझी बायको, आणि सल्ला मास्तरांचा! परत आली तर चेहऱ्यावर समाधान. "मास्तर म्हणे, चरबी चढली. दाणा कमी करा अन् मोकळं सोडा."

मी भडकलो. "मी जलमभर कोंबड्यातच हावो. मले इचारता आलं नसतं?"

ती शांतपणे कोंबडी खाली ठेवत म्हणाली, "तुमी इकता कोंबड्या. थे पाह्यते."

हे वाक्य माझ्या मनात अजून रुतून बसलंय. कोंबड्या आठ दिवसांत घालायला लागल्या, ते आणखी वाईट झालं.

मग ते प्रदर्शन. आमच्या भागात शेतीचं प्रदर्शन भरलं. कापसाची बोंडं, संत्र्यांचे ढीग, बैलजोड्या. मी सगळ्यात जास्त अंडी देणारी म्हणून माझ्या बारा पांढऱ्या कोंबड्या मांडल्या. मखमलीचा तुकडा अंथरला, पाटी रंगवली. मास्तरांनी एकच डालगं आणलं. त्यात एक बोडकी कोंबडी आणि तिच्या पंखाखाली सोळा पिल्लं, सोळाच्या सोळा जिवंत, निम्मी पांढरी, निम्मी मातकट. पाटी नाही, कापड नाही. पिल्लं इकडं तिकडं पळाली की ती बया एक आवाज द्यायची आणि सगळी परत पोटाखाली. बायका तिथून हलेनात. मोठे साहेबही तिथंच थांबले.

साहेबांनी हात आत घातला. तिनं टोचलं. साहेब हसले आणि म्हणाले, "फार छान. ही कोंबडी तुम्ही कुठून आणली?"

मी मास्तरांपासून दोन हातांवर उभा होतो. साहेबांना दिसावा म्हणून मी फेटाही सारखा केला. ती कोंबडी मीच विकली होती, मला ती ओळखू येत होती. मला वाटलं, आता मास्तर हात माझ्याकडं करतील. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा. नीट पाहिलं.

आणि म्हणाले, "बाजारातून."

साहेबांनी पहिला नंबर दिला. माझ्या बारा पांढऱ्यांना काहीच नाही. त्या दिवसापासून लोक त्या जातीला 'मास्तरची कोंबडी' म्हणायला लागले. मी त्या माणसाशी बोलणं टाकलं. ते बाजारात आले की मी तोंड फिरवायचो. ते भाव विचारायचे, मी म्हणायचो, "माल नाई." टोपल्यात कोंबड्या दिसत असताना.

त्यानंतर राज्यांची वाटणी झाली. आम्ही मराठी बोलणारी माणसं, नागपूर आमचं. तिथं आमची कचेरी, आमचा दवाखाना, आमचा बाजार, आमची राजधानी. आणि नागपूर गेलं दुसऱ्या राज्यात, आम्ही राहिलो इकडं. आता राजधानी भोपाळ. कोणाची नोकरी तिकडं, कोणाचं घर इकडं. शाळेत लोक मास्तरांना विचारायचे, "गुरुजी, तिकडं जाता की इकडं राहता?" मास्तर म्हणायचे, "कोंबड्यांना विचारून सांगतो." आणि राहिले.

माझं मात्र वेगळंच झालं. ज्या केंद्रातून पांढरी पिल्लं यायची, ते आता दुसऱ्या राज्यात. तिथं गेलो तर आधी तिकडच्या लोकांचे नंबर, मग उरलं तर आमचं. उरत काही नसे. म्हटलं, काही हरकत नाही, आपल्याच अंड्यांची पिल्लं काढू. अंडी भरपूर आहेत. पण त्यांवर बसणार कोण? पांढरी कोंबडी अंडं घालते आणि शेपूट फिरवून चालू लागते. मी गवताची घरटी केली, खाली ओली माती घातली, एकीला टोपल्याखाली दोन दिवस अंड्यांवर दाबून ठेवली. तिनं अंडी लाथाडली, एक फोडून खाल्लं. दुसरीनं तेच. शेजारची माणसं कुंपणावरून पाहून हसायची. कंदिलाच्या उबेनंही करून पाहिलं, अंडी सडली.

मग गावरान खुडूक कोंबडी शोधायला निघालो. लोधीखेडा पालथा घातला, जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला येणाऱ्या बायकांना विचारलं, पांढुर्ण्याकडची गावं हिंडलो. जिथं जाईन तिथं एकच उत्तर. "कोठी राह्यल्या आता? तुमीच तं नेल्या ना भाऊ!" सगुणाबाईकडंही गेलो. तिच्या अंगणात दोन होत्या, दोन्ही अंड्यांवर बसलेल्या. म्हणाली, "या आता नाई देत मी. तुमी भाव कराची गोष्टच करू नोका." तिनं पहिल्यांदाच मला दारातून परत लावलं. मानमोडीची साथ येऊन माझ्या अर्ध्या पांढऱ्या माना वाकड्या करून मेल्या, तेव्हा मला कळलं की आता या धंद्यात दुसरा जन्म पाहिजे, आणि तो फक्त एकाच अंगणात आहे.

मास्तरांच्या दारात मी गेलो तो रागावूनच गेलो. मागायला जाणाऱ्या माणसानं रागावलेलं असावं, तेवढाच मान राहतो. मास्तर खुराड्यात होते. तिथं सात-आठ बोडक्या, कोणी बसलेली, कोणी पिल्लं घेऊन फिरणारी. मी म्हटलं, "मास्तर, तीन खुडूक कोंबड्या पाह्यजे. भाव बोला."

"भाव नाही," म्हणाले.

"भाव नाई म्हंजे? फुकट घेणारा नोहे मी!"

"फुकट कोण देतो? घेऊन जा. पिल्लं मोठी झाली की दोन तलंगा मला द्यायच्या. मी निवडीन त्या." तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी.

हे सगळं इतक्या सहज, की माझ्या तोंडून जे मला बोलायचं नव्हतं तेच बाहेर पडलं. "मास्तर, ह्या साऱ्या माह्या टोपल्यातल्या हायेत. एकूण एक. त्या दिशी सायबापुढं माहं नाव घ्याले जीभ जड झालती का?"

मास्तर उभे राहिले. अंगाला पिसं चिकटलेली. आणि ते हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे हसले.

"शेटजी, तुमचं नाव घेतलं असतं, तर पुढच्या बाजारी सगळा गाव तुमच्या टोपल्याशी उभा राहिला असता. मग बोडक्या मला मिळाल्या असत्या का?"



"अन् भाव कायले नाई केला कधी?" मी विचारलं. "मले लाजवाले?"

"भाव केला असता," ते म्हणाले, "तर तुम्ही त्या कोंबडीकडं नीट पाहिलं असतं."

मला खाली बसावं लागलं. तिथंच, त्या घाणीत. टपरीवर बसून मी ज्याला मूर्ख म्हणत होतो, त्यानं दोन-तीन वर्षं बाजारात उकिडवं बसून मला लुटलं होतं, तेही मीच सांगितलेल्या भावात. एवढा धंदा केला, पण अशी चाल मला सुचली नाही. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा हेवा वाटला, तेवढा पहिल्या नंबरच्या वेळीही वाटला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, जरा बरंही वाटलं. ते साधू नव्हते. आपल्यातलेच होते.

तीन कोंबड्या नेल्या. पिल्लं झाली, वाढली. ठरल्याप्रमाणे मी तलंगा घेऊन गेलो. सहा नेल्या, यातून निवडा म्हटलं. सगळ्यात चांगल्या चार मी घरीच ठेवल्या होत्या. मास्तरांनी सहाही जणींना डोळे मिटून चाचपलं, दोन बाजूला काढल्या आणि विचारलं, "आणि घरी ठेवल्या त्या?"

"कोणत्या घरी?"

"शेटजी."

गेलो आणि चारही आणल्या. त्यांनी त्यातल्या दोन घेतल्या, आधीच्या दोन परत दिल्या. जाताना म्हणाले, "अजून तुम्ही नजरेनंच पाहता."

नोकरी संपल्यावर मुलानं त्यांना नागपूरला नेलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खुराडं वाटून टाकलं त्यांनी, एकेक कोंबडी एकेका घरात, आणि तिथूनच ती जात पसरली आणि ते नावही पसरलं. मी एकदा अंड्यांच्या कामानं गेलो तेव्हा त्यांना भेटलो. खिडकीत बसले होते, तोच काळा कोट. म्हणाले, "इथं सकाळी कोंबडा आरवत नाही. किती वाजले ते घड्याळावर विश्वास ठेवून मानावं लागतं." त्यांच्या बायकोनं मला चहा दिला आणि विचारलं, कोंबड्या कशा आहेत? तिनं विचारलं! थोड्या दिवसांनी ते गेल्याची बातमी मला खानावळीवाल्यानं दिली, अंडी मोजता मोजता.

आता शेवटचं सांगतो. परवा परवा पुन्हा प्रदर्शन भरलं. नवं राज्य, नवे साहेब, भोपाळहून आलेले, हिंदीत बोलणारे. मी बोडक्यांचा मोठा पिंजरा मांडला होता. माझ्या अंगणात आता मास्तरांपेक्षा चौपट बोडक्या आहेत. साहेबांनी एक कोंबडी उचलली, मान पाहिली, छाती पाहिली, आणि म्हणाले, "बढ़िया चीज़ है. ये नस्ल कहाँ से लाए?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालंच, "मास्तर की है साहब."

माझं डोकं तापलं. किती वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. माझं नाव माझ्या तोंडात तयार होतं. आणि तेवढ्यात मला दिसलं, पिंजऱ्याच्या बाजूला सगुणाबाई उभी आहे. म्हातारी झालेली, डोक्यावर डालगं, त्यात झाकलेली एकच कोंबडी. ती कोंबडी मला विकायलाच आणली असावी. गेल्या काही वर्षांपासून ती पुन्हा देते, आणि सगळ्यात चांगली पिल्लं मी तिच्याकडूनच घेतो. हे मी कोणाला सांगत नाही. ती माझ्याकडं पाहत होती. तिनं पदर सारखा केला.

साहेब थांबले होते. मी म्हटलं, "बाज़ार से, साहब."

साहेबांनी मान हलवली आणि पुढं गेले. पहिला नंबर मला मिळाला. टाळ्या वाजल्या. गर्दी पांगली, आणि सगुणाबाई जवळ आली. डालगं खाली ठेवलं.

"काहून हो भाऊ, बाजाराले नाव नसते का?"

मी उकिडवा बसलो. डालग्यावरचं फडकं काढलं. बोडकी, मातकट, पायांचा रंग उतरलेला. मी तिला उलटी धरली, डोळे मिटले आणि बोटं घातली. तीन मावली. सगुणाबाईनं भाव सांगितला. जन्मात मी तिला एवढा दिला नव्हता, आणि हे तिलाही माहीत होतं. मी खिशात हात घातला आणि पैसे तिच्या हातावर ठेवले. घासाघीस केली नाही.

तिनं पैसे पदराच्या टोकाला बांधले, रिकामं डालगं डोक्यावर घेतलं, आणि जाता जाता म्हणाली,

"मास्तरसारखेच करून राहिले बा तुमी आता."